हत्याराची पाठ

हत्यार विकत घेताना बहुतेक लोक धार बघतात. अंगठा अलगद आडवा फिरवतात, भुवया उंचावतात आणि ‘काय धार आहे!’ म्हणून खिशात हात घालतात. पण दुकानातली धार ही कारखान्याची असते. चार-सहा महिन्यांत ती जाणारच. त्यानंतर जी लावाल ती तुमची. म्हणून पटाशी असो, सुरी असो किंवा रंध्याचं पातं, मी ते आधी उलटं करते आणि पाठ बघते. गिऱ्हाइकाची नजर जिथे जात नाही तिथे कारागिराने किती वेळ घातलाय, त्यावर हत्याराची जात ठरते असं माझं मत आहे. या मतापायी आमच्या घरातलं एक अख्खं कपाट अडलेलं आहे, आणि त्याबद्दल घरात जे बोललं जातं ते इथे छापण्यासारखं नाही.

जपानी पटाशीची पाठ सपाट नसतेच. मधोमध उथळ खोलगट भाग कोरलेला असतो आणि भोवती अरुंद सपाट काठ. या खोलगटीला ते ‘उरा’ म्हणतात. ती शोभेची नाही. ही पटाशी दोन धातूंची असते: पाठीकडे कडक पोलादाचा पातळ थर आणि त्याच्यावर जाड, मऊ लोखंड, दोन्ही भट्टीत तापवून एकमेकांवर ठोकून एकजीव केलेली. पोलाद इतकं कडक की रॉकवेलच्या मापात ६२-६४ पर्यंत जातं. नुसत्या तेवढ्या पोलादाची पटाशी केली तर हातोड्याच्या घावाने ती तडकेल. मऊ लोखंड तो घाव पोटात घेतं. पण एवढं कडक पोलाद दगडावर घासून सपाट करायचं म्हणजे हात तुटायची वेळ. म्हणून मधला भाग आधीच काढून टाकला. दगडाला टेकतो तो फक्त काठ. धारेची तिरपी बाजू प्रकाशात धरली तर दोन धातूंची सीमा सरळ दिसते: टोकाशी लखलखीत पट्टी आणि वर ढगाळ, राखाडी लोखंड. हे मऊ लोखंड म्हणून जुन्या जहाजांच्या नांगराच्या साखळ्या वापरायची तिथल्या लोहारांची आवड प्रसिद्ध आहे. ते लोखंड आता कोणी बनवत नाही, म्हणून जुन्याला भाव.

स्वयंपाकघराच्या कामाला आलेल्या सुतारमिस्त्रींच्या हातात मी अशी एक पटाशी दिली. त्यांनी धारेला हात लावला नाही. उलटी केली आणि पाठ बघितली. तिथेच मला माणूस आवडला.

“ताई, ही मधे खोल का?”

मी कारण सांगितलं.

“म्हणजे घासायचं कमी.” माझं निम्मं व्याख्यान त्यांनी तीन शब्दांत आटोपलं. मग सागवानाच्या तुकड्यावर दोन-तीनदा चालवली. आडव्या रेषांवर कापलेला भाग काचेसारखा गुळगुळीत निघाला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, मान डोलावली आणि विचारलं, “प्लायमधला खिळा लागला तर?”

“तुकडा उडेल.”

त्यांनी पटाशी दोन्ही हातांनी परत दिली आणि आपली पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीची काढली. त्यांचं काम प्लायवूडचं, चिकट गोंदाचं, जुन्या खिळ्यांचं. त्यांचा निर्णय बरोबर होता.

इंग्लंडमधल्या शेफिल्डची जुनी पटाशी वेगळ्या विचाराची. पातं पोलादाचं, पाठ सरळ सपाट, कडकपणा जपानीपेक्षा कमी आणि चिवटपणा जास्त. ठोका, फिरवा, क्वचित तिच्याने रंगाचा डबा उघडा, ती सांभाळून घेते. जुन्या पात्यांवर कारागिराच्या नावाबरोबर ‘कास्ट स्टील’ अशी अक्षरं ठोकलेली असतात. या अक्षरांमागे बेंजामिन हंट्समन नावाचा घड्याळजी आहे. घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी त्याला एकसारखं पोलाद मिळेना, म्हणून १७४० च्या दशकात त्याने ते मातीच्या मुशीत वितळवून शुद्ध करायची रीत बसवली. शेफिल्डच्या सुरीवाल्यांनी आधी नाकं मुरडली. फार कडक, म्हणाले. हंट्समनने माल फ्रान्सला विकायला सुरुवात केली आणि फ्रेंच सुऱ्या बाजारात येऊन बसल्यावर मंडळींचे डोळे उघडले.

याला मुंबईची एक पुरवणी आहे. १७९० च्या दशकात मुंबईत कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी आपल्याकडच्या ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांचा त्यावरचा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या हत्यारकाराने त्या पोलादाची पाती घडवून पाहिली आणि ते इतकं मनावर घेतलं की पुढे तरुण मायकेल फॅरडेला बरोबर घेऊन पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग मांडले. दोघांचा पहिला निबंध १८२० चा. हंट्समनची मूस या सगळ्याच्या आधीची, तेव्हा ‘सगळं आपल्याकडूनच गेलं’ म्हणून छाती फुगवायचं कारण नाही. पण विजेचा म्हणून आपण ओळखतो तो फॅरडे त्या आधी पोलादाच्या भट्टीशी बसलेला होता, आणि त्या भट्टीमागे मुंबईहून गेलेल्या ढेकळांचाही थोडा हात होता, हे मला फार आवडतं.

शेफिल्डचा माल आपल्याकडे रेल्वेच्या आणि गिरण्यांच्या वर्कशॉपांतून भरपूर आला. त्यातला उरलासुरला पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात अजून निघतो. पथारीवर नळाच्या तोट्या, मिक्सरची भांडी आणि त्यात एखादी गंजलेली पटाशी किंवा निळा रंग उडालेला ‘रेकॉर्ड’चा लोखंडी रंधा. इथे पाठ बघण्याला पर्याय नाही. वरच्या बाजूला कितीही गंज असू द्या, मूठ फुटलेली असू द्या, चालतं. पण पाठीवर, टोकापासून इंच-दोन इंचांत, गंजाने बारीक खड्डे पाडले असतील तर हत्यार खाली ठेवायचं. धार म्हणजे दोन पृष्ठभाग भेटतात ती रेषा. एका पृष्ठभागाला खड्डे असतील तर घासत घासत कुठेही जा, रेषेला खाच पडणारच. विकणाऱ्याला हे ठाऊक नसतं असं समजू नये. तो पटाशी पाठ खाली करूनच मांडतो.

रंध्याच्या बाबतीत दोन्हीकडचे स्वभाव सगळ्यात उघड दिसतात. रेकॉर्डच्या रंध्याला स्क्रू आहे, आडवी दांडी आहे. पातं किती बाहेर काढायचं ते चाक फिरवून ठरतं. जपानी रंधा, ‘कान्ना’, म्हणजे ओकच्या लाकडाचा ठोकळा आणि त्यात रुतवलेलं पाचरीसारखं पातं. स्क्रू नाही. पातं खाली न्यायचं तर त्याच्या डोक्यावर हातोडीने टिचकी, वर घ्यायचं तर ठोकळ्याच्या मागच्या कडेवर. आणि जुन्या रिवाजाप्रमाणे तो अर्धवट तयारच विकला जातो. पातं ठोकळ्यात घट्ट अडकेल इतकी खाच, बाकी घासून बसवायचं ते घेणाऱ्याने. ठोकळ्याचा तळही सगळा टेकू द्यायचा नसतो, दोन-तीन ठिकाणीच टेकवायचा. आपल्या हाताला, आपल्या हवेला जुळेल असं ते जुळवावं लागतं. घासून घासून धार त्या पाठीच्या खोलगटीपर्यंत पोचली की पात्याचं मऊ लोखंड हातोडीच्या कोपऱ्याने हलके ठोकून पोलाद पुढे ढकलायचं असतं. एक टोला भलतीकडे पडला तर पात्याला चीर. युरोपने गिऱ्हाइकाला सोय दिली, जपानने काम दिलं. मला दोन्ही पटतं, रविवार असेल तर दुसरं जास्त.

१९९७ पासून जपानमध्ये ‘केझुरोकाई’ नावाचे मेळावे भरतात, तिथे सुतार मंडळी रंध्याने किती पातळ साल निघते याची चुरस लावतात. काही मायक्रॉन जाडीची, आरपार दिसणारी लाकडाची फीत. त्या फितीचा उपयोग शून्य. पण पातं, ठोकळा आणि माणूस तिघांचा हिशेब ती एका झटक्यात मांडते.

संग्रह करणाऱ्यांनी कोबे शहरातलं ताकेनाका सुतारी हत्यारांचं संग्रहालय जरूर बघावं. १९८४ साली ते सुरू झालं आणि तिथे ३०,००० हून अधिक वस्तू आहेत. ते काढावं लागलं यामागचं कारण मोठं चमत्कारिक आहे. उत्तम पटाशी सुताराच्या हातात झिजत झिजत बोटभर उरते आणि शेवटी टाकून दिली जाते. मागे राहते ती बेताची, कोणी फारशी न वापरलेली. तलवारी घडवणाऱ्या घराण्यातून आलेला चियोझुरू कोरेहिदे (१८७४-१९५७) हा रंध्याच्या पात्यांचा सर्वांत नामांकित लोहार. त्याची पाती आज लोक जपून ठेवतात, म्हणजे ज्यासाठी ती घडवली ते सोडून बाकी सगळं करतात. माझ्या कपाटाकडे बोट दाखवायच्या आत पुढच्या विषयाकडे वळते.

स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचं सध्या फार खूळ आहे. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, सोबत ‘सामुराई तलवारींचा वारसा’ असं काहीतरी छापलेलं आणि किंमत ऐकून विळीवर वाढलेल्या बायकांना घाम फुटेल अशी. ही ‘डमास्कस’ नक्षी पात्याच्या दोन्ही गालांवरच्या थरांची असते. कापतो तो मधला गाभा, आणि तो एकाच पोलादाचा. नक्षी नसती तरी कांदा तसाच कापला गेला असता. तलवारीची कथाही अर्धीच खरी. १८७६ साली मेइजी सरकारने तलवार लावून चारचौघांत फिरायला बंदी केल्यावर बरेच लोहार सुऱ्यांकडे आणि हत्यारांकडे वळले, हे झालं. पण ओसाकाजवळच्या साकाईचं नाव झालं ते तंबाखू कापायच्या सुऱ्यांवर. तंबाखू तिकडे पोर्तुगीजांनी नेली, आपल्याकडे मिरची आणली त्याच पोर्तुगीजांनी. सामुराईपेक्षा तंबाखूवाला खपायला कठीण, एवढाच फरक.

साकाईत एक सुरी एक माणूस करतही नाही. घडवणारा लोहार वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, आणि पात्यावर कोरलेलं नाव बऱ्याचदा या तिघांपैकी कोणाचंच नसतं, ते व्यापाऱ्याचं असतं. कच्च्या माशाचे काप काढायची लांब ‘यानागिबा’ हातात आली तर तीही उलटून बघा. धार एकाच बाजूने, आणि पाठीला पुन्हा तीच उथळ खोलगट, म्हणजे काप पात्याला चिकटून बसत नाही.

जर्मनीच्या झोलिंगनमध्ये १९३८ पासून कायदाच आहे: त्या परिसरात घडलेल्या पात्यालाच गावाचं नाव लावता येतं. तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या जाड, भारदस्त सुऱ्या आपल्याकडे मॉलमध्ये दिसतात. मला त्याच गावातली पवनचक्कीची खूण असलेली साधी सुरी जास्त प्रिय. रॉबर्ट हेर्डर हा १८७२ चा कारखाना. पातं मुठीपासून टोकापर्यंत आणि पाठीपासून धारेपर्यंत दोन्हीकडे निमुळतं होत जातं, इतकं की धारेजवळ नखाने दाबलं तर किंचित लवतं. दिसायला काहीच नाही, लाकडी मूठ आणि करडं पोलाद. टोमॅटो कापताना दाबावं लागत नाही, नुसती ओढायची.

स्वस्तातलं चांगलं हवं असेल तर फ्रान्सच्या साव्हॉय डोंगरातला ओपिनेल चाकू. जोसेफ ओपिनेलने १८९० साली तो काढला. बीचच्या लाकडाची मूठ, घडीचं पातं, त्यावर मुकुट घातलेला हात. १९५५ साली पातं अडकवून धरणारं फिरतं कडं आलं, आणि त्यानंतर सुधारण्यासारखं फारसं उरलं नाही. जपानी भाऊबंद म्हणजे मिकी गावचा ‘हिगोनोकामी’. दुमडलेल्या पितळी पत्र्याची मूठ आणि एक पातं, एके काळी शाळकरी पोरं त्याने पेन्सिली तासायची. १९६० साली समाजवादी पुढारी आसानुमा यांचा भर सभेत आखूड तलवारीने खून झाला आणि मुलांच्या हातातून पाती काढून घेण्याची मोहीम सुरू झाली. चाकूचा त्या खुनाशी संबंध नव्हता, पण धंदा त्याचा बसला.

या सगळ्या कार्बन पोलादाचा आपल्याकडे एकच वैरी, तो म्हणजे जून ते सप्टेंबर. लिंबू कापून सुरी ओट्यावर विसरलात तर चहा होईपर्यंत तिच्यावर काळा डाग, आणि पावसाळ्यात सकाळपर्यंत तांबूस. धुवायची, कोरडी पुसायची, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा. स्वयंपाकाच्या सुरीला मशीनचं तेल नको, तिथे पुसणंच मन लावून करावं. हत्यारांच्या खणात कापराची वडी ठेवायची जुन्या फिटर लोकांची पद्धत आहे, ती मी उचलली आहे. कपाट उघडलं की आरतीचा वास येतो, त्यामुळे सासूबाईंचा विरोध थोडा मावळलाय.

सुरुवात करायची असेल तर एक ओपिनेल, ८ नंबरचा, आणि एक हजार नंबरचा पाण्याचा दगड घ्या. दगडावर पैसे वाचवू नका. नक्षीची डमास्कस सुरी मात्र स्वतः घेऊ नका. लग्नाच्या वाढदिवसाला कोणी दिली तर बेलाशक वापरा. आतला गाभा चांगला असतो आणि नक्षीचे पैसे दुसऱ्याचे गेलेले असतात.