"घरी करू नका" म्हणणाऱ्यांनी आधी मॅन्युअल द्यावं

गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एकाने साधा प्रश्न विचारला, गाडीचा फ्युएल पंप घरी बदलता येतो का? खाली पन्नासेक कॉमेंट आल्या. अर्धे म्हणाले, वेडा आहेस का, पेट्रोल आहे ते, सर्व्हिस सेंटरला टाक. उरलेल्यांनी व्हिडिओच्या लिंक चिकटवल्या, "भावा, वीस मिनिटांचं काम आहे." मला दोन्ही बाजूंचा राग आला, म्हणून हे लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी व्हिडिओवाल्यांबद्दल. मी असे चार-पाच पाहिले. एकात बंद शटरच्या आत काम चाललंय, वर वायरला लटकवलेला पिवळा बल्ब. दुसऱ्यात पंपाची रिंग स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडीने ठोकून फिरवतायत, लोखंडावर लोखंड, खाली उघडी टाकी. तिसरा महाभाग तोंडाने पाइप ओढून पेट्रोल काढतोय. ते पेट्रोल घशातून फुफ्फुसात गेलं तर माणूस हॉस्पिटलात जातो, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते. आपल्याकडे मे महिन्यात पोर्चमध्ये काय होत असेल, विचार करा. शिवाय ती हवेपेक्षा जड. वर उडून जात नाही, फरशीवरून सरपटत जाते. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या मोटारीपर्यंत, गॅस गीझरपर्यंत, देवघरातल्या समईपर्यंत. ठिणगी तिथे पडते आणि आग तुमच्यापर्यंत येते.

पण म्हणून "घरी करूच नका" हे उत्तर मला मान्य नाही. बऱ्याच गाड्यांत पंप मागच्या सीटखाली असतो. सीट उचला, झाकण काढा, समोर पंप. माझ्या गाडीला सर्व्हिस सेंटरने सांगितलं, सुटा पंप मिळत नाही, गेज, फिल्टर, प्लास्टिकचा सांगाडा सगळं मिळून असेंब्लीच घ्यावी लागेल. बिघडली होती फक्त आतली मोटर. रिंग उघडायचं टूल कुठलं, कितपत आवळायची, विचारलं तर "ते आमच्या टेक्निशियनचं काम आहे सर." म्हणजे माहितीही देणार नाही, सुटा भागही देणार नाही, आणि माणूस व्हिडिओ बघून करायला लागला की म्हणणार, बघा, लोकांना अक्कल नाही!

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. २०१४ साली स्पर्धा आयोगाने याच कारणासाठी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, तपासणीची साधनं, तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना खुली करा, असा आदेश होता. प्रकरण अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. छान. पण कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला विचारा, त्याच्या हातात कुठल्या मॉडेलचं मॅन्युअल आलंय का. तोही तोच व्हिडिओ बघतोय.

मॅन्युअलमध्ये असतं तरी काय? काही गुप्त विद्या नाही. चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद घूंऽ आवाज येतो का ते ऐका. येत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले तपासा, कित्येकदा दोष तिथेच असतो. काम उघड्यावर, इंजिन थंड, टाकीत पेट्रोल कमी. पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करायची, ती आपोआप बंद पडली की लाइनमधलं प्रेशर उतरतं. पंप पूर्ण मेला असेल तर गाडी चालू होणारच नाही आणि प्रेशर तसंच राहू शकतं, म्हणून पाइप सोडताना भोवती जाड फडकं धरायचं. इंजेक्शनच्या गाडीत ते साधारण ३ ते ४ बार असतं, थेट डोळ्यात उडतं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. झाकणावरची धूळ टाकी उघडायच्या आधी पुसायची. रिंग अडली तर लाकडी ठोकळा. उजेडासाठी बॅटरीची टॉर्च, तीही लांबूनच चालू करून आणलेली. एबीसी पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर हाताशी आणि सोबत एक माणूस. ओ-रिंग नवीनच, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालणारी. सिलिकॉन फासायचं नाही. बॅटरी जोडली की दोन-तीनदा नुसती चावी ऑन-ऑफ, गळती बघायची, वास घ्यायचा, आणि मगच स्टार्टर.

काढलेलं पेट्रोल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात लायसन्सशिवाय ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवायची सूट आहे, पण भांडी ठरलेली आहेत. काच किंवा चिनी मातीचं एक लिटरपर्यंत, धातूचं २५ लिटरपर्यंत. प्लास्टिकच्या बाटलीचं त्यात नाव नाही.

ज्यांच्या गाडीत टाकी खाली उतरवावी लागते, त्यांनी मात्र हा नाद करू नये. जॅकवर उचललेल्या गाडीखाली भरलेली टाकी हे घरचं काम नाही. बेसमेंट पार्किंगवाल्यांनीही नाही, तिथे वाफ निघायला जागाच नसते. (आणि सीएनजीवाल्यांनो, टाकीत पेट्रोल नावापुरतं ठेवू नका. पंपाला थंड ठेवतं ते त्याच्या भोवतीचं पेट्रोलच.)

आता एक काम करा. आपापल्या कंपनीला ई-मेल टाका: माझ्या मॉडेलचं फ्युएल पंप बदलायचं पान द्या, आणि सुट्या मोटरचा पार्ट नंबर कळवा. जे उत्तर येईल, किंवा येणार नाही, त्याचा स्क्रीनशॉट खाली टाका. मी माझा ई-मेल सोमवारी पाठवलाय. अजून पोच नाही.