रक्तातले शिपाई आणि तळपायाचा डाग

परवा एक गृहस्थ दवाखान्यात आले. थोरल्या भावाला मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग झालेला. विचारू लागले, "डॉक्टरसाहेब, प्रतिकारशक्ती कॅन्सरशी लढते की नाही हे रक्तातून कळतं म्हणे. करून घेऊ का ती तपासणी?"

प्रश्न रास्त आहे. अशी तपासणी खरोखरच आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांच्यासमोर कर्करोगाच्या प्रथिनाचे तुकडे ठेवतात. ज्या पेशी शत्रूला ओळखतात, त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य सोडतात. तेथे रंगीत ठिपका उमटतो. ठिपके मोजले की शिपाई किती ते कळते. या पद्धतीला एलिस्पॉट म्हणतात. ती १९८३ पासून प्रयोगशाळांत आहे.

पण हजेरीपटावर पोलीस भरपूर असले म्हणून गावातली चोरी थांबते का? अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी २००४ साली लस दिलेल्या ४४० रुग्णांचा हिशोब मांडला. त्यांत बहुतेक मेलॅनोमाचे होते. गाठी आक्रसल्या अवघ्या २.६ टक्के रुग्णांत! काहींच्या रक्तात लढाऊ पेशी भरपूर वाढूनही रोग पुढे सरकतच राहिला. कारण गाठ या पेशींना जवळ फिरकू देत नाही, किंवा त्यांना 'ब्रेक' लावते. हे ब्रेक सोडवण्याचा मार्ग दाखवणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ साली नोबेल मिळाले. त्यावर आधारलेली औषधे आज अनेकांचे आयुष्य वाढवीत आहेत.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ठिपक्यांची मोजणी संशोधकांच्या कामाची आहे. लस कशी काम करते हे त्यांना त्यातून उमगते. पण तिच्यावरून रोग आहे की नाही, बरा होईल की नाही, हे ठरत नाही. रुग्णाने त्यासाठी पदरचे पैसे घालू नयेत. ते उपचारांसाठी राखावेत.

आपल्याकडे हा कर्करोग विरळा. होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली होतो. लोक त्याला कुरूप समजतात, ब्लेडने तासतात, कुणाकडून तरी जाळून घेतात आणि मोलाचे महिने घालवतात. वाढणारा, वेड्यावाकड्या कडांचा काळा डाग, रक्त येणारी किंवा न भरणारी जखम, नखाखाली रुंदावत जाणारी काळी रेघ दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. त्यांनी तुकडा काढून तपासायला सांगितले तर घाबरू नका. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, हा गैरसमज आहे. निदान त्या तुकड्यातूनच होते.

आज रात्री पाय धुताना तळवे एकदा नीट उजेडात पाहा. या तपासणीला एक पैसाही लागत नाही.