पळणारे कुणाचे भारी? पेठांच्या वादामागचे फुटबॉल

क्रीडा प्रतिनिधी

कोल्हापूर - पाटाकडील तालीम मंडळ विरुद्ध खंडोबा तालीम मंडळ असा सामना असो, की दिलबहार विरुद्ध प्रॅक्टिस क्लब असा. छत्रपती शाहू स्टेडियमवर पंचांची अखेरची शिटी वाजल्यानंतरही निकालाबाबत समर्थकांचे समाधान होत नाही. गोलफलक सर्वांना मान्य असतो. वाद होतो तो त्यामागच्या कारणांवर. त्यातही सर्वाधिक रंगणारा वाद म्हणजे, बगलेवरून चेंडू घेऊन सुसाट सुटणारे खेळाडू कोणत्या संघाचे चांगले? पेठेतल्या कट्ट्यावर, चहाच्या गाडीवर आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर हा प्रश्न हंगामभर चघळला जातो. आपला विंगर सुटला की समोरच्याला त्याची पाठच दिसते, असे एका पेठेचे म्हणणे. तर तो नुसता पळतो, चेंडू कुठे द्यायचा हे त्याला कळत नाही, असे दुसऱ्या पेठेचे उत्तर.

वरवर पाहता हा समर्थकांच्या ईर्षेचा खेळ आहे. तथापि, या वादात कोल्हापूरच्या फुटबॉलचे अनेक गंभीर प्रश्न दडलेले आहेत. संघ कोणाच्या जोरावर बांधायचा, पैसा कोणत्या जागेवर खर्च करायचा, स्थानिक मुलाला कोणत्या जागेवर संधी मिळणार आणि कोणाला ती कधीच मिळणार नाही, याची उत्तरे या एका प्रश्नाभोवती फिरतात.

तालमीतून मैदानाकडे

कोल्हापुरात फुटबॉल संघाला आजही तालीम म्हणतात, हे बाहेरगावच्या क्रीडारसिकाला नवल वाटते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (1894 ते 1922) कुस्तीला राजाश्रय मिळाला, पेठापेठांतून तालमी उभ्या राहिल्या आणि 1912 मध्ये खासबाग मैदान तयार झाले. पुढे राजघराण्याच्याच प्रोत्साहनाने फुटबॉल रुजला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन अर्थात केएसएची स्थापना 1940 मधील. लाल मातीत घुमणाऱ्या पोरांनीच मैदानावर चेंडू घेतला, त्यामुळे संघांची नावे तालमींचीच राहिली आणि निष्ठाही तालमीचीच राहिली. मुंबईत किंवा पुण्यात एखादा रसिक आवडीने संघ निवडतो. कोल्हापुरात तो जन्माने मिळतो. शिवाजी पेठेतल्या मुलाने पाटाकडीलचा खेळाडू आपल्या खेळाडूपेक्षा सरस आहे असे उघडपणे म्हणणे हे मतभेद म्हणून घेतले जात नाही. ते घरच्याच माणसाने केलेले वैर ठरते.

म्हणूनच येथे खेळाडूंची तुलना निव्वळ तुलना राहत नाही. आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागेल. कुस्तीत दोघांपैकी एक चितपट होतो आणि निकाल डोळ्यांनी दिसतो. तोच न्याय प्रेक्षक फुटबॉलला लावतो. बगलेवर आपला विंगर आणि त्यांचा बचावपटू समोरासमोर आले की गॅलरीला तेथे कुस्ती दिसू लागते. विंगरने चकवा देऊन बाजू काढली तर डाव साधला, चेंडू हिरावला गेला तर आसमान दिसले! उरलेले वीस खेळाडू त्या क्षणी काय करीत होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष नसते.

धावणाऱ्यामागे कोण थांबले?

खरी मेख येथेच आहे. धाव दिसते, धावेला वाट करून देणारा दिसत नाही.

कोल्हापुरात ब्राझीलचे चाहते गल्लोगल्ली आहेत. विश्वचषकाच्या काळात चौकाचौकांत ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या खेळाडूंचे फलक लागतात. 2022 च्या स्पर्धेवेळी तर मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोच्या भव्य कटआउटची चर्चा जिल्ह्याबाहेर गेली. या चाहत्यांना 2002 चा विजेता ब्राझील तोंडपाठ आहे. उजवीकडून काफू आणि डावीकडून रॉबर्टो कार्लोस यांच्या धावा आजही कट्ट्यावर वर्णिल्या जातात. पण त्या संघात मध्यभागी ल्युसिओ, एडमिल्सन आणि रोक ज्युनियर असे तीन बचावपटू होते, त्यांच्यापुढे गिल्बर्टो सिल्वा राखण करीत असे. हे चौघे जागा सोडत नव्हते, म्हणून काफू आणि कार्लोस यांना पुढे जाण्याची मुभा होती. 30 जून 2002 रोजी योकोहामा येथे जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात दोन्ही गोल रोनाल्डोने केले. दुसऱ्या गोलच्या वेळी रिव्हाल्डोने पायाशी आलेला चेंडू न अडवता जाऊ दिला आणि बचावफळी फसली. चेंडूला स्पर्शही न करता केलेले ते काम कोणत्याही आकडेवारीत मावत नाही.

सातासमुद्रापार, अमेरिकेत, जो खेळ फुटबॉल म्हणून ओळखला जातो त्यात चेंडू कवटाळून प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीतून धावणाऱ्याला रनिंग बॅक म्हणतात. तो खेळ वेगळा, चेंडू लंबगोल आणि नियमही निराळे. तेथे प्रत्येक धाव यार्डात मोजली जाते. डॅलस काउबॉइजकडून कारकिर्दीचा मोठा काळ खेळलेल्या एमिट स्मिथच्या नावावर 18 हजार 355 यार्ड आहेत आणि हा विक्रम आहे. डेट्रॉइट लायन्सचा बॅरी सँडर्स 10 हंगामांत 15 हजार 269 यार्डांवर थांबला. एवढे बिनचूक मोजमाप हाती असल्यावर वाद मिटायला हवा होता. तो मिटलेला नाही. स्मिथपुढे वाट मोकळी करणारी भक्कम फळी होती, सँडर्सला ती कधी लाभली नाही, असा सँडर्सच्या चाहत्यांचा युक्तिवाद आहे. तर अजिंक्यपदे स्मिथने जिंकली, हे स्मिथच्या चाहत्यांचे उत्तर. आकडे होते तसेच राहिले, वाद मात्र धावणाऱ्यावरून वाट करून देणाऱ्यांवर सरकला.

कोल्हापुरातील वाद अद्याप त्या टप्प्यावरही आलेला नाही. येथे यार्ड तर दूरच, बगलेवरून किती चेंडू गोलक्षेत्रात आले आणि त्यांतील किती आपल्या खेळाडूपर्यंत पोचले, एवढीही नोंद पेठेच्या चर्चेत कधी येत नाही.

बक्षीस कोणाला मिळते?

येथील स्पर्धांमध्ये बक्षिसांची वाण नाही. सामन्यागणिक सामनावीर निवडला जातो. पराभूत संघातील झुंजार खेळाडूला 'लढवय्या' म्हणून गौरविण्याची पद्धत तर खास कोल्हापुरी म्हणावी अशी आहे. अंतिम सामन्यानंतर उत्कृष्ट आघाडीपटू, उत्कृष्ट मध्यरक्षक, उत्कृष्ट बचावपटू आणि उत्कृष्ट गोलरक्षक जाहीर होतात.

या यादीत बगलेवर धावणारा नेमका कोठे बसतो? तो गोल कमी करतो, म्हणून आघाडीपटूचे बक्षीस गोल करणाऱ्याकडे जाते. मागे येऊन बचाव करतो, पण बचावपटू म्हणून त्याची गणना होत नाही. मध्यरक्षकाचे बक्षीस चाल रचणाऱ्याला मिळते. गॅलरीत ज्याच्या नावाचा सर्वाधिक पुकारा होतो, तोच समारंभात अनेकदा रिकाम्या हाताने उभा असतो. वाद मिटविणारा कोणताही निवाडा उपलब्ध नाही, म्हणून तो पुढच्या सामन्यापर्यंत आणि तेथून पुढच्या हंगामापर्यंत चालत राहतो.

मैदानाचाही यात वाटा आहे. हंगाम थंडीत सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत लांबतो. लीगनंतर महापौर चषक, अटल चषक, सतेज चषक यांसारख्या बाद फेरीच्या स्पर्धा होत आल्या आहेत. सामने भरदुपारी दोनला आणि चारला. उन्हात तापलेल्या, टणक झालेल्या मैदानावर जमिनीलगतचे छोटे पास खेळणे कठीण होत जाते. चेंडू उसळतो आणि लांब टोलवून वेगवान खेळाडूला मागे सोडण्याचा मोह वाढतो. डिसेंबरमध्ये चाली रचणारा संघ एप्रिलमध्ये पळणाऱ्यांवर विसंबू लागला, तर दोष केवळ प्रशिक्षकाचा नव्हे. त्यामुळे एका हंगामातील दोन सामन्यांवरून कोणाचे पळणारे भारी हे ठरविणे म्हणजे कोरड्या आणि ओल्या मातीवरच्या कुस्त्यांची बरोबरी करण्यासारखे आहे.

'आपला' खेळाडू म्हणजे कोणाचा?

या वादातील सर्वांत नाजूक मुद्दा वेगळाच आहे आणि त्याबद्दल कट्ट्यावर सहसा बोलले जात नाही. ज्याच्या धावेवरून पेठ छाती पुढे काढते, तो खेळाडू पेठेतला असतोच असे नाही. केएसएकडे दर हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते आणि त्या दिवसांत एका तालमीतून दुसऱ्या तालमीत खेळाडू जाणे आता अंगवळणी पडले आहे. मागील काही वर्षांत परगावचे, परराज्यांतले आणि नायजेरियासह आफ्रिकी देशांतील खेळाडूही येथील संघांकडून खेळले आहेत. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याची वेळ संघटनेवर आली, यावरून ओढा किती होता याची कल्पना यावी.

केरळातील मलबार भागात सात-सात खेळाडूंच्या 'सेव्हन्स' स्पर्धांसाठी आफ्रिकी खेळाडू आणण्याची प्रथा फार आधीपासून आहे. तेथे तो उघड व्यवसाय आहे. प्रेक्षक तिकीट काढून करमणूक पाहतो. कोल्हापुरात मात्र संघ पेठेच्या अब्रूचा मानला जातो आणि तरीही अब्रू राखण्यासाठी बाहेरचा माणूस लागतो. हा विरोधाभास कोणालाही खटकत नाही, असे दिसते. जिंकून दिले की बाहेरचा खेळाडू एका सामन्यात 'आपला' होतो. हरला की त्याच संध्याकाळी त्याचे गाव आठवते.

यात संघचालकांनाही सर्वस्वी दोषी धरता येणार नाही. वरिष्ठ गटात 16 संघ, प्रत्येकामागे पेठेची अपेक्षा आणि देणगीदारांचा आग्रह. तयार धावपटू विकत मिळत असेल तर सतरा वर्षांच्या मुलाला दोन हंगाम चुका करू देण्याचे धाडस कोण करणार? बाहेरून येणारा खेळाडू बहुधा आघाडीवर किंवा बगलेवरच हवा असतो, कारण पैसा दिसेल तेथेच खर्च होतो. परिणामी स्थानिक मुलगा बचावफळीत किंवा राखीव बाकावर जातो. पेठेतील शाळकरी पोरे विंगर होण्याची स्वप्ने पाहतात आणि पेठेचाच संघ ती जागा दुसऱ्याला देऊन मोकळा होतो.

कोल्हापूरच्या मातीत असे खेळाडू होत नाहीत, हा दावा तर सरळ खोटा आहे. भारतात 2017 मध्ये झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघात आघाडीला खेळला. अमेरिका, कोलंबिया आणि घाना अशा गटात भारताला एकही सामना जिंकता आला नाही. पण भारताचा हा पहिलाच फिफा विश्वचषक होता आणि त्या संघात रंकाळ्याच्या गावचा मुलगा होता. निखिल कदम मोहन बागानसारख्या मातब्बर संघाकडून खेळला, बचावपटू सुखदेव पाटीलने आय-लीगपर्यंत मजल मारली. मात्र अनिकेत घडला तो पुण्यात प्रशिक्षण घेऊन. गुण कोल्हापूरचा, घडण बाहेरची, असेच हे चित्र आहे. पेठांच्या वादात या मुलांची नावे अभिमानाने घेतली जातात. तसा पुढचा मुलगा आपल्याच तालमीत घडावा यासाठी कोणती तालीम काय करते आहे, हा प्रश्न त्या वादात सहसा विचारला जात नाही.

शब्दांवरून दगडांवर

वाद तोंडी राहिला असता तर त्याचे कौतुकच करावे लागले असते. एखाद्या गावाने विंगर आणि बचावपटूंवर तासन्तास बोलावे, ही महाराष्ट्रात दुर्मिळ गोष्ट आहे. पण गॅलरीतून बाटल्या आणि दगड भिरकावले जाणे, सामना थांबणे, हुल्लडबाजीमुळे स्पर्धा स्थगित करावी लागणे, हे सारे कोल्हापूरने अनुभवले आहे. मोठ्या सामन्याला पोलिस बंदोबस्त ही आता नित्याची बाब झाली आहे. समाजमाध्यमांवरील डिवचणाऱ्या मजकुरामुळे ठिणगी स्टेडियममध्ये पोचण्याआधीच पडलेली असते.

त्याची किंमत कोण मोजते? स्पर्धा थांबली की बाहेरचा खेळाडू ठरलेली रक्कम घेऊन परत जातो. देणगीदार पुढच्या वर्षी पाहू म्हणतो. नुकसान होते ते अठरा-वीस वर्षांच्या स्थानिक खेळाडूचे. हंगामातील मोजक्या सामन्यांतून त्याला स्वतःला दाखवायचे असते; महाविद्यालयीन संघ, जिल्हा संघ, एखाद्या व्यावसायिक क्लबची निवड चाचणी हे सारे त्या सामन्यांवर अवलंबून. ज्या धावेवरून समर्थक भांडतात, ती धाव घेण्याची संधीच भांडणामुळे हिरावली जाते.

आता निदान एक साधन हाताशी आले आहे. येथील अनेक सामने यूट्यूबवरून थेट दाखविले जातात आणि चित्रफिती नंतरही पाहता येतात. एखाद्या तालमीच्या दोन मुलांनी वही घेऊन बसावे आणि आपल्या व समोरच्या विंगरने किती वेळा बाजू काढली, त्यातून किती चेंडू कामी आले, किती वेळा तो चेंडू गमावून मागे परतलाच नाही, हे टिपावे. यासाठी ना पैसा लागतो ना परवानगी. प्रशिक्षकाला त्यातून संघ बांधता येईल आणि राखीव बाकावरच्या मुलालाही आपली बाजू मांडता येईल. वाद थांबणार नाही, अमेरिकेतही थांबलेला नाही. पण दोन सामन्यांच्या आठवणीवर भांडण्याऐवजी वीस सामन्यांच्या नोंदीवर भांडता येईल.

तूर्त पेठांचे लक्ष नेहमीप्रमाणे पुढच्या नोंदणीकडे लागलेले असते. गेल्या मोसमात ज्याला नुसता पळतो म्हणून हिणवले, तोच विंगर नव्या हंगामात आपल्या तालमीच्या अर्जावर सही करण्याची शक्यता प्रत्येक वेळी असते. तसे झाले की त्याच्या चुकांची यादी दुसऱ्या पेठेकडे सुपूर्द होते.