बांधाचं तोंड आणि जमिनीचा कागद

वरच्या बागायतीत औषध फवारतात, पाऊस पडला की ते विष पाण्याबरोबर खाली उतरतं. खाली आपली भातखाचरं, त्याखाली ओहोळ. वलगणीचे मासे, खेकडे आपण तिथलेच खातो, गुरंही तिथंच पाणी पितात.

खाचरात पाणी थांबलं की गाळ तळाला बसतो, गाळाला चिकटलेलं औषधही बसतं. उन्हाने आणि मातीतल्या बारीक जिवाणूंनी ते हळूहळू मोडतं. सगळं मोडत नाही, पण ओहोळात कमी जातं. म्हणून फवारणीनंतर लगेच बांधाचं तोंड फोडू नका. त्या खाचरातले मासेही धरू नका.

पण भावांनो, बहिणींनो, आपली खाचरं म्हणजे बागायतदाराची मोरी नव्हे! त्याने आपल्या हद्दीत चर खणावेत, पाऊस दिसत असताना फवारू नये. हे गावाने बसून ठरवायचं आणि त्याला सांगायचं.

आणखी एक. एकसाली प्लॉटवरून कधी उठवतील याचा नेम नाही, तिथं पक्का बांध कोण घालणार? ओहोळ राखायचा तर बांध पक्का हवा, बांध पक्का हवा तर जमीन कसणाऱ्याच्या नावावर झालीच पाहिजे!