किल्ल्याची माती

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५,००० माणसे, बहुतेक बायका आणि मुले. काही मुले पोरकी, तर काहींचे वडील दूर इटलीत लढत होते. आपल्या मराठा पलटणीही त्याच मुलखात झुंजत होत्या. १९४५ साली युद्ध संपले. पण कडेवरचे मूल सोडून गेलेला बाप परतला, की मूल आईच्या पदराआड दडायचे. आणि बापाच्या कानांतली तोफ काही थांबलेली नसायची. घर एक, माणसे परकी! पोलंड काय अन् कागल काय, गोष्ट तीच.

असली ओळख उपदेशाने होत नाही. दोघांना मिळून काही काम लागते.

वाचकहो, तुमच्या गल्लीत फटाक्याला दचकून दार लावून घेणारे एखादे निवृत्त सुभेदार असतील. ज्याच्याकडे पाहायला घरात कुणाला सवड नाही, असे एखादे पोरही असेल. यंदा त्या पोराला मातीचे घमेले देऊन त्यांच्या अंगणात किल्ला करायला धाडा. पदकांविषयी विचारू नका. "काका, बुरूज ढासळतोय!" एवढी हाक पुरे. बुरूज वाकडा झाला तरी चालेल. दोघे मातीत बसले, हे पुष्कळ झाले.