आधी नाव, मग मुळाक्षरे

मंडळी, सप्टेंबरात किंडरगार्टनच्या वर्गात जरा डोकावून पाहा. दप्तराच्या खुंटीवर मुलाचे नाव, टेबलावर नाव, भिंतीवर वर्गातल्या सगळ्या नावांचा तक्ता. बाई विचारतात, ‘तुझ्या नावातले कुठले अक्षर रोहनच्याही नावात आहे?’ झाली अक्षरओळख सुरू! रिबेका ट्रायमन आणि व्हिक्टोरिया ब्रॉडरिक यांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान मुलांना स्वतःच्या नावाचे आद्याक्षर इतर अक्षरांपेक्षा जास्त चांगले ओळखता येते असे दिसले. कुठल्याही आईला हे ठाऊक असतेच म्हणा.

आता आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत या. एक रविवार आड एक तास, वर्षाचे सोळा वर्ग, दर वर्गाला दोन अक्षरे. अ अननसाचा, आ आईचा. हिशेब करणे हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून केला. स्वरांना सहा वर्ग, आणि मे महिन्यात आपली गाडी कशीबशी ‘न’पर्यंत. म्हणजे रिया, साहिल, मीरा, वेदांत यांना वर्षभरात आपले पहिले अक्षरही भेटत नाही. निखिलला ‘न’ भेटतो, पण त्याची वेलांटी पुढच्या वर्षीच्या बाराखडीत! ‘ङ’ आणि ‘ञ’ या दोन महाशयांची हजेरी मात्र पक्की. त्यांच्यापासून सुरू होणारा एक तरी मराठी शब्द मला कुणी सांगावा. दुसऱ्या वर्षी निम्मी मुले येत नाहीत, की आपण सॉकरच्या नावाने बोटे मोडायला मोकळे.

आणि इथे प्रश्न फक्त वाचनाचा नाही. तन्वी नावाची मुलगी शाळेत ‘टी’ गिरवते. इंग्रजीत ‘त’ आणि ‘ट’ला एकच अक्षर, त्यामुळे नाताळापर्यंत ती स्वतःच स्वतःला ‘टान्वी’ म्हणू लागते. आजीने हौसेने ठेवलेले नाव आजीलाच फोनवर ओळखू येत नाही. ते नाव कसे उच्चारायचे हे कागदावर सांगू शकणारी लिपी आपल्याकडे आहे, आणि ती आपण अननसात अडकवून ठेवली आहे.

‘पण तन्वीत जोडाक्षर आहे हो, पाच वर्षांच्या मुलाला झेपेल का?’ असे मागच्या सभेत विचारले गेले. अहो, पाटीपूजनाला आपल्या आजोबांनी बोट धरून काय गिरवून घेतले? ‘श्री’! जोडाक्षर, वर वेलांटी. आरंभालाच मराठीत ‘श्रीगणेशा’ म्हणतात. कठीण काय आणि सोपे काय, हे मुलाला आपणच सांगतो.

वर्णमालेचा क्रम शास्त्रशुद्ध आहे, कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांप्रमाणे लावलेला आहे, हे मला मान्य आहे. त्याचा अभिमानही आहे. पण ते सौंदर्य नवव्या वर्षी कळते, पाचव्या नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन बाईंनी मुलांना मराठी वाचायला शिकवताना हा क्रम बाजूला ठेवला. थोडी अक्षरे आणि त्यांबरोबरच काना-मात्रा, म्हणजे पहिल्यापासून खरे शब्द वाचता येतात. अमेरिकेतून तिकडे जाऊन एक बाई हे करते, आणि आपण इकडे येऊन तक्ता सोडायला तयार नाही!

शाळेत शिकवणाऱ्या ताई-दादांबद्दल माझी तक्रार नाही. विनामोबदला रविवार देणारी माणसे आहेत ती. तक्रार अभ्यासक्रमाबद्दल आहे. पहिल्या वर्गात प्रत्येक मुलाच्या गळ्यात देवनागरी नावाची पाटी हवी. पहिले चार वर्ग फक्त नावे: मुलांची, आई-बाबांची, ताई-दादांची. मीराचा ‘मी’ आणि समीरचा ‘मी’ एकच, हे मुलांनीच शोधायचे. वीस मुलांच्या नावांत अर्धीअधिक वर्णमाला आपोआप येते. उरलेली नंतर येऊ दे, ‘ङ’ अगदी शेवटी.

यंदा पाट्या छापून, कापून, दोरा ओवून आणायचे काम माझे. पालकांनी मुलाचे नाव देवनागरीत लिहून नावनोंदणीच्या दिवशी द्यावे. ऱ्हस्व-दीर्घ घरी एकदा आजीला विचारून.