गच्चीवरचे वीस मिलिमीटर

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांच्या सभांत गच्चीखेरीज दुसरा विषय नसतो. जुन्या कोब्याच्या उरावर नवा कोबा, ते परवडत नसेल तर प्लास्टिक, आणि प्लास्टिकही थकले की पत्र्याची शेड. मॅस्टिक अस्फाल्टचे नाव या सभांत क्वचितच निघते. उड्डाणपुलांवर मात्र सभासदांच्या गाड्या त्याच्यावरूनच धावतात.

बिटुमेन, चुनखडीची भुकटी आणि बारीक वाळू-कच एवढाच हा मसाला. साध्या डांबरीकरणात खडीच्या मध्ये पोकळ्या राहतात, म्हणून रोलर लागतो. मॅस्टिकमध्ये पोकळी उरतच नाही. 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेला लगदा ओतायचा आणि लाकडी थापीने पसरायचा. गरम थर आधीच्या कडेला वितळवून एकजीव होतो. थंड झाला की काही तासांत वर चालता येते.

चुनखडी-बिटुमेनची ही जोडी माणसानेच जमवली असे नाही: स्वित्झर्लंडमधल्या व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यात निसर्गानेच चुनखडीत बिटुमेन मुरवून ठेवले होते. तिथली खाण 1986 मध्ये बंद झाली. खाणकामगार सणाला कागदात गुंडाळलेले डुकराचे मांस तापल्या अस्फाल्टमध्ये शिजवत. पर्यटकांना ते आजही वाढतात. (चवीची हमी हे सदर घेत नाही.)

खरा मुद्दा वजनाचा आहे. चार इंची विटांच्या कोब्याचा भार चौरस मीटरला सुमारे 200 किलो पडतो. 20 मिलिमीटर मॅस्टिकचा 50 किलोच्या आत. म्हणजे 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 20 टन की 5 टन, असा हिशेब. गंजलेल्या सळयांच्या स्लॅबवर दुसरा, तिसरा कोबा चढवणाऱ्या समित्या हा हिशेब मांडतच नाहीत. आणि जुना कोबा न काढता वर मॅस्टिक ओतले, तर तोही शहाणपणा नव्हे.

शिवाय मॅस्टिकचे नखरे आहेत. खाली ओल राहिली तर वाफ धरून फोड येतात. मे महिन्याच्या उन्हात काळा थर मऊ पडतो आणि टाकीच्या स्टँडचे पाय त्यात रुततात. म्हणून वरून ऊन परतवणारा रंग हवा आणि स्टँडखाली रुंद लादी. ब्रिटनमध्ये स्लॅब आणि मॅस्टिक यांच्यामध्ये फेल्टचा थर घालतात, त्यामुळे स्लॅब हलला तरी वरचा थर सहसा फाटत नाही. कठड्याशी तिरकी भर देऊन थर भिंतीवर चढवावा लागतो. बहुतेक गळती सुरू होते ती तिथे किंवा पाणी उतरायच्या तोंडाशी.

भारतीय मानकेही आहेत: पदार्थासाठी आयएस 3037, अंथरण्यासाठी आयएस 4365. अडचण माणसांची आहे. मॅस्टिक तापवण्याच्या कुकरवर आणि थापीवर हात बसलेले बहुतेक कारागीर रस्त्यांच्या कामावर असतात, आणि एका छोट्या गच्चीसाठी तो लवाजमा सातव्या मजल्याखाली उभा करणे कंत्राटदाराला परवडत नाही. शेजारच्या चार इमारतींनी एकाच आठवड्यात काम काढले, तर तो निदान दर द्यायला तरी येईल.